एकतीस किलो, एकेक

विश्रामबागेतल्या दुकानात सन्मतीनं
दोन जोड्या उभ्या केल्या होत्या, माझ्या छातीएवढ्या,
लग्नाला येऊन पंगतीला न बसलेल्या पाहुण्यांसारख्या.
एक अक्रोडी. एक काळी.
मध्ये पडदा लाव म्हटलं, आणि कुठली वाजतेय ते सांगू नकोस.
अठ्ठावीस वर्षं पाटबंधारे खात्यात
नदीची पातळी फोनवर उतरवून घेतली आहे मी.
आकडा घाटावर जाऊन पाहिलेला
की पांघरुणातून सांगितलेला,
आवाजावरून कळायचं.

मिरजेहून दस्तगीरचाचा आले होते, बोटांना लाखेचा वास.
त्यांनी आधी काही ऐकलंच नाही.
पडद्यामागं जाऊन
बोटाच्या पेरानं खोकी वाजवून पाहिली,
भोपळा घेताना वाजवतात तशी.
अक्रोडी थोडं बोललं.
काळं बोललंच नाही.
"मेलेलं आहे हे."
सन्मती खुलला. "तेच तर हवं, चाचा.
खोक्यानं स्वतःचं काही म्हणायचं नसतं."
चाचा गप्प झाले.
पन्नास वर्षं लाकडाला बोलतं केलेला माणूस.

मग त्यांच्याच मोबाइलमधला तंबोरा लावला.
पहिल्यांदा षड्ज आला तो सायीसारखा,
चारही तारा न्हाऊन, वेणी घालून आलेल्या.
मला आवडला. खोटं कशाला बोलू.
दुसऱ्यांदा तार आली, तारेखालचा दोरा आला,
आणि खूप मागं
कुणीतरी कानस खाली ठेवल्याचा आवाज.
चाचा खुर्चीत पुढं सरकले.
"जोडातल्या दुसऱ्या तारेचा दोरा सरकलाय.
मार्चमध्ये पुण्याला दिला हा. असाच गेला."
पडदा न सारताही कळलं, काळी.

"वजन किती?"
"अक्रोडी एकोणीस, मॅडम. काळी एकतीस. एकेक."
त्याला वाटलं, मी भरीवपणा विचारतेय.
गावभागात आमच्या बैठकीच्या भिंतीवर
स्विचबोर्डाच्या वर चार बोटं एक रेघ आहे.
तीनदा रंग दिला, तिन्ही वेळा वर आली.
एकोणीस साली आधीची जोडी खालीच राहिली;
आठ दिवसांनी दार उघडलं तेव्हा
कागदी पडदे ओल्या पापडासारखे लोंबत होते,
आत गाळ, गाळात एक गोगलगाय.
आयर्विन पुलाशी चाळीस फूट झाले की
आधी सिलिंडर, मग कागदपत्रं,
मग कुमुदताई, खुर्चीत बसवून. चव्वेचाळीस किलो.
जिना सतरा पायऱ्यांचा, मध्ये वळण.
त्यात एकतीस आणि एकतीस.
फ्लोअर स्टँडिंग म्हणे.
कुठल्या मजल्यावर, ते कॅटलॉगात नसतं.

काळीच घेतली. थेट माडीवर चढवली.
पोरांनी वळणावर भिंतीचा एक पोपडा काढला.
माडीला सागवानी फळ्या.
खर्ज लागला आणि फळ्या बोलायला लागल्या,
मग कपाटातले पेले, मग खिडकीची कडी.
सन्मतीचा चेहरा पडला.
"सगळं गढूळ होतंय. खाली ग्रॅनाइट टाकू."
चाचांनी चपला केव्हाच काढल्या होत्या.
अनवाणी, डोळे मिटून, टाच किंचित उचलत, टेकवत.
"टाका," म्हणाले. "पण उद्या."

दुसऱ्या दिवशी ग्रॅनाइट आलं,
कुणाच्या तरी ओट्याचे उरलेले दोन तुकडे.
आता सगळं स्वच्छ. दोरा दिसतो, कानस दिसते.
मी तासन्‌तास बसते, खूश आहे.
फक्त कुमुदताई,
जी खाली, त्या रेघेच्या भिंतीला पाठ लावून बसते,
संध्याकाळी जिन्यातून ओरडते,
"अगं, पहिल्या दिवशी लावलेलंस ते लाव ना."
तेच लावलंय, मी वरून सांगते.
"हे नाही," ती म्हणते. "ते छतातून यायचं."