रकाना सात

पंधरा मार्चपर्यंत सगळे अर्ज यायला हवेत.
येत नाहीत.
सोळा तारखेला मी फोन घेऊन बसते.
खिडकीबाहेर जूनोचा पाऊस,
बर्फ व्हायला निघाला होता, जमलं नाही.

"साहेब, बोट अजून तुमच्याच नावावर आहे का?
मेव्हण्याच्या? मग मेव्हणा राहतो कुठे?
नाही हो, मी नाही, फॉर्म विचारतोय."
दिवसाला दहा डॉलर दंड.
लोक दंडापेक्षा तुझ्या आवाजाला भितात, ऑगी म्हणतो.
ऑगी आमचा तपासनीस. महिन्यातून एकदा तपास करतो,
उरलेले दिवस स्टेपलर.

या गावातून बाहेर जायला रस्ता नाही.
विमान, नाहीतर फेरी.
मग हितसंबंधांनी तरी जावं कुठे?
कंत्राट ज्यानं भरलं, त्याची बायको माझे दात बघते.
मंजूर ज्यानं केलं, तो चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर.
शांतीचा हात पुढे करायची वेळ येते
तेव्हा मी त्याचा हात हातात घेते
आणि मनात फाइलचा नंबर.

आमच्याकडे मोठं काही येत नाही.
मोठं कोर्टात जातं, वर्तमानपत्रात जातं.
आमच्याकडे येतो गोठवलेला हॅलिबट, अंदाजे नऊ पौंड.
येतात बास्केटबॉलची दोन तिकिटं, "वापरली नाहीत, मुलगा तापानं आजारी".
एकानं पेनसुद्धा नोंदवलं होतं,
त्याच पेनानं.

यंदा बंदर खात्याच्या लेलंड ओक्सनेस यांचा अर्ज आला.
एकवीस वर्षं रकाना सात, भेटवस्तू, यात त्यांनी
"निरंक" लिहिलंय,
तेच अक्षर, तोच शेवटचा फटकारा.
यंदा रकाना पुरला नाही.
मागे कागद जोडलेला:

"नोव्हेंबरमध्ये बायको गेली. लोकांनी जेवण आणलं.
सतरा भांडी. यादी सोबत.
क्र. ९ ची किंमत मला माहीत नाही.
निळं झाकण. बहुतेक व्हिक्स्ट्रॉम यांच्या घरचं.
त्यांचं धक्क्याचं कंत्राट माझ्या टेबलावर आहे.
चव सांगू शकत नाही. कुठल्याच भांड्याची."

मी नियम काढले. कलम, पोटकलम, परिशिष्ट.
सापडली पारितोषिकं, प्रवासखर्च, सत्काराची शाल नव्हे पण फलक,
सावत्र नातेवाईकसुद्धा सापडले.
मयताघरचं जेवण कुठेच नाही.

ऑगी म्हणाला, बटाट्याचं काहीतरी असणार. बारा डॉलर. मिटव.
म्हटलं, मग आकडा तू लिही.
त्यानं पेन उचललं. ठेवलं.
कॉफी आणायला गेला,
कॉफी समोर वाफाळत असताना.

मी फोन लावला.
"ओक्सनेससाहेब, ते भांडं कुठे आहे?"
"धुऊन ठेवलंय. ओट्यावर.
पण परत द्यायचं, मिसेस दुमलाओ, तर रिकामं कसं देऊ?
आणि भरून दिलं, तर तेही तुमच्याकडेच येईल ना,
माझ्याकडून त्यांना, असं?"

माझी आई कुणाचं भांडं रिकामं पाठवायची नाही.
घरात काहीच नसलं तर तळाला चिमूटभर मीठ.
हे मी सांगणार होते.
पण सल्ला लेखी द्यायचा असतो,
तीस दिवसांच्या आत.

लेखी दिला.
भांडं परत करावं.
धक्क्याच्या कंत्राटाचा निर्णय अन्य अधिकाऱ्यानं घ्यावा.
उर्वरित सोळा भांड्यांबाबत कार्यालयास काही म्हणावयाचे नाही.
सही, शिक्का, एक प्रत फाइलला.
मीठ कुठल्या वाक्यात बसेना.

एप्रिलातल्या एका शनिवारी
ते मला उतारावर दिसले, व्हिक्स्ट्रॉमांच्या गल्लीकडे वळताना.
कागदी पिशवी, तिच्यातून निळी कड.
पिशवी जड होती की हलकी, मी पाहिलं नाही.
पाहिलं असतं तर लिहावं लागलं असतं.

अकरा अर्ज अजून यायचेत.