खासनीस दोनदा दिसतात

केटरिंगच्या लायब्ररीमागच्या हॉलमध्ये, दर गुरुवारी,
पंधरा खुर्च्या, एक प्रोजेक्टर आणि डेझमंडचा थर्मास.
साहसपट लागतो. आम्ही दोघं मागच्या रांगेत
चुका वेचत बसतो, तांदूळ निवडावेत तशा.

डेझमंड चाळीस वर्षं सिग्नलच्या केबिनमध्ये होता.
त्याला माणसं दिसत नाहीत, इंजिनं दिसतात.
"गोष्ट छत्तीस सालची," तो कानाशी पुटपुटतो,
"आणि हे इंजिन जन्मलंय एक्कावन्नात."
नायिका रुळांना बांधलेली. ह्याचा जीव बॉयलरमध्ये.

मी बुटांच्या कारखान्यात तीस वर्षं टाके तपासले.
माझी नजर शिवणीवर जाते.
नायकाची जखम डाव्या भुवईवर,
दार उघडून आत येतो तोवर उजव्या.
मगरींच्या नदीत गळ्यापर्यंत बुडतो,
काठावर चढतो तो इस्त्रीच्या घडीसकट.
मेणबत्ती बोलता बोलता उंच होत जाते.
वाळवंटात टेकडीमागून दुधाची गाडी.
हो, दुधाचीच, निळा पट्टा होता.
आणि नकाशात गोदावरी पश्चिमेला वाहते,
घरी काहीतरी विसरलं म्हणून परत निघाल्यासारखी.

गेल्या गुरुवारी एक जुना लागला, देवळातल्या खजिन्याचा.
देऊळ म्हणजे वेल्समधली पाटीच्या दगडाची खाण,
हे डेझमंडनं रुळांच्या रुंदीवरून ओळखलं.
पुजारी हात वर करून मंत्र म्हणतो.
खाली अक्षरं येतात: देवी रक्त मागते आहे.
आणि मला ऐकू येतं, स्वच्छ, थोडं नाकातलं,
"कोथिंबीर संपली, कोथिंबीर संपली,
बुधवारी भाडं द्यायचंय, स्वाहा!"

मी ओरडलेच. खासनीस!
आमच्या माडीवरच्या खोलीत राहायचे, बसचे कंडक्टर.
एक्काहत्तर साली चार दिवस रजा टाकून गेले होते,
दिवसाला चार पौंड आणि एक उकडलेलं अंडं, या बोलीवर.
आल्यावर म्हणाले, "वहिनी, देवीला नवस बोलून आलो.
थर्माकोलची होती. म्हटलं, असू दे."
कपाळावरचा सोनेरी रंग आठवडाभर निघाला नव्हता,
तशाच कपाळानं तिकिटं फाडत होते.

डेझमंडनं पेन्सिल उचलली. "मंत्र चूक?"
"लिही," म्हटलं. त्यानं कोथिंबिरीचं स्पेलिंग विचारलं.

पुढे कड्यावरून नायक त्यांना ढकलतो.
पडतं ते पेंढ्याचं बुजगावणं,
बगलेत धावदोरा, तोही उसवलेला.
किंकाळी दुसऱ्याच कुणाची.
खासनीस खरे गेले त्याच वर्षी, नोव्हेंबरात,
नॉर्थॅम्प्टनच्या इस्पितळात. मी शिफ्टवर होते.
पोचले तेव्हा चादर बदललेली होती,
पाण्याचा जग पुन्हा काठोकाठ भरलेला,
खुर्चीवर टोपी, तिच्यात कंडक्टरचा बिल्ला.

आणि मग, सिनेमा संपता संपता,
मशाली घेतलेल्या दोनशे लोकांत,
डावीकडून तिसरे: खासनीस.
अंगावर पुजाऱ्याचा झगा नाही, साधं मुंडासं.
माणसं कमी पडली असतील.
कुणीतरी म्हटलं असेल, तूही उभा राहा.
सगळे देवीकडे बघतायत,
हे मनगटाकडे, शेवटची बस चुकेल म्हणून.

डेझमंडनं कोपर मारलं. "घड्याळ!"
"पाहिलं," मी म्हटलं.
"आणि हा मघाशी मेला ना?"
वही माझ्या मांडीवर सरकवली, पेन्सिल हातात दिली.

मी टोपण शोधत राहिले, दिवे लागेपर्यंत.
पेन्सिलीला टोपण नसतं, हे डेझमंडला ठाऊक आहे.
त्यानं थर्मासच्या झाकणात चहा ओतला, माझ्यापुढे धरला,
आणि खाणीतल्या रुळांविषयी बोलू लागला.