शेळीच्या पुलापर्यंत

डॉक्टर वेस्ना म्हणाली, "मुहारेमकाका, दोनच गोष्टी.
एक सोडा, एक धरा."
सोडायची ती सिगारेट, धरायची ती वाट.
तिच्या टेबलावर प्लास्टिकचं हृदय होतं,
झाकण उघडणारं, शाळेच्या डब्यासारखं.
मी म्हणालो, विचार करतो.
ती म्हणाली, विचार मागच्या खोलीत झाला,
तुमच्या नळीत जाळी बसवताना.

तिला कसं सांगू?
ती वेढ्यानंतर जन्मलेली.
सारायेव्होच्या ट्राम रुळांवर जिथल्या तिथे मेल्या होत्या
आणि मला पगार मिळायचा सिगारेटींत.
कागद संपला तेव्हा पाकिटं
जुन्या पुस्तकांच्या पानांत बांधून यायची.
एका पाकिटावर रसायनशास्त्राचं अर्धं पान होतं,
क्षार आणि आम्ल यांचं काहीतरी;
मेणबत्ती विझेस्तोवर मी ते वाचत बसलो.
किती पाकिटांना किती पीठ, किती तेल,
हाजिराला पाढ्यासारखं तोंडपाठ.
जिने पोरांच्या तोंडात घास घातला
तिला आता विष म्हणायचं?

पहिला आठवडा वाईट गेला.
तांब्याच्या जेझव्यातली कॉफी समोर निवायची,
हात खिशाकडे जायचा नि परत यायचा,
कुलूप पाहून वळलेल्या गिऱ्हाइकासारखा.
मी हाजिरावर ओरडलो, मांजरावर ओरडलो,
बातम्या देणाऱ्या बाईवर ओरडलो.
हाजिराने सूर्यफुलाच्या बिया आणून
माझ्या कोटाच्या दोन्ही खिशांत ओतल्या:
"या चाव. मला चावू नकोस."

अकराव्या दिवशी शेजारच्या स्लावकोकडे एक मागितली.
अर्धी ओढली.
खोटं कशाला सांगू, छान लागली.
बारावा दिवस मग पुन्हा पहिला दिवस.

सकाळी बेंटबाशाहून निघतो.
सोबतीला मिल्याच्का, गुडघाभर पाण्याची, बडबडी.
वाट जिथे संपवायची तिथे जुना दगडी पूल,
एकाच कमानीचा; शेळीचा पूल म्हणतात त्याला.
पहिल्या दिवशी दुसऱ्या बाकापर्यंत पोचलो.
बाकाला मी थांबा म्हणतो, जुनी सवय.
उतरणारं कुणी नाही, चढणारं कुणी नाही,
नुसता श्वास चढतो,
आणि घाई नसलेल्या उतारूसारखा
सावकाश उतरतो.
ऑगस्टात पाचवा थांबा.
सप्टेंबरात मी पुलाच्या कठड्याला हात लावला,
दगड गार होता, आणि तिथे माझं कौतुक करायला
एक कुत्रं होतं, तेही झोपलेलं.

मग परवा, उताराला,
पाय आपसूक पळू लागले.
आणि अंगाला जे धावणं ठाऊक होतं
तेच ते धावलं:
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतचा चौक,
दोन हातांत पाण्याचे दोन डबे,
मान खांद्यांत, पाठ वाकलेली,
आणि समोरच्या डोंगरावर
कुणीतरी एक डोळा मिटलेला.
तीस वर्षं झाली. मी तसाच धावलो,
रिकाम्या हातांनी, चिनाराच्या पिवळ्या पानांतून.

लाल जर्सीतली एक मुलगी थांबली.
"काका, बरे आहात ना?"
बरा आहे, म्हटलं.
मागे कुणी नाही,
एवढंच पायांना समजावतोय.
ती हसली नाही. कानातली गाणी काढून
पुढच्या बाकापर्यंत माझ्या चालीने चालली,
मग निघून गेली.

मी तिथे बसलो. छाती भात्यासारखी हलत होती,
पण तो भाता माझा होता,
आणि त्यात नदीचा वास भरत होता:
ओला दगड, शेवाळ, कुठेतरी भाजलेली मिरची.
इतकी वर्षं हा वास इथेच होता का?

रसायनशास्त्राचं ते पान
अजून कपाटात आहे, बांधलेलं.
आतल्या सिगारेटींचा केव्हाच भुसा झाला.
हाजिरा म्हणते, टाकून दे.
टाकणार नाही. ओढणारही नाही.
काही देणी फेडता येत नाहीत,
नुसती जपून ठेवायची.

घराकडची चढण मात्र अजून तश्शीच उभी.
पूर्वी चार ठिकाणी थांबायचो, आता एकाच ठिकाणी,
स्लावकोच्या खिडकीखाली.
तो वरून धूर सोडतो, खाली बघून मान हलवतो.
आणि मी, खोटं कशाला सांगू,
वारा ज्या बाजूने येतो
त्या बाजूला किंचित सरकून उभा राहतो.
मग एक बी फोडतो,
आणि चढतो.