एकक

लातूरच्या सांख्यिकी कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या तक्त्यात दोन रकाने आहेत.
डावीकडे जिल्ह्याचं उत्पन्न :
उसाचं गाळप, सिमेंटच्या गोण्या, क्लासच्या फिया.
उजवीकडे यंदापासून एक नवी ओळ :
'परिसंस्था सेवा मोबदला. चांदणवाडी, बालाघाट.
एकशे बारा हेक्टर कुरण, न चारल्याबद्दल.'

हेक्टरी अकराशे चाळीस रुपये,
खालच्या शहराच्या पाणीपट्टीतून.
डावीकडच्या आकड्यानं भागलं
तर दशांशचिन्हानंतर शून्यंच शून्यं,
अळीनं खाल्लेल्या हरभऱ्याच्या घाट्यांसारखी,
वरून गोल, आत काही नाही.

साहेब म्हणाले, आलेख बसवा.
आलेख बसेना.
म्हणून एस.टी.नं गेलो.

रुख्माजी देवकते माळावर उभे होते.
"पवन्या कुठवर आलाय?" मी टेप काढत विचारलं.
त्यांनी हात मांडीला लावला.
टेप वाऱ्यात फडफडत राहिली.
मी वहीत लिहिलं : मांडी.

मग तेच विचारायला लागले.
"बावीस मेंढरं इकली. आलं का तुमच्या हिशेबात?"
आलं. डावीकडे.
"राहिलेल्यांना कडबा इकत घेतो, ते?"
तेही.
"तीन उन्हाळे टँकर यायचा..."
आला ना. डिझेल, ड्रायव्हर, बिलं, सगळं आलं.
"आन औंदा टँकर बंद हाय, ते?"

ते वजा होतं, मी म्हणालो.

खाली ओघळीत पाणी बारीक आवाज करत होतं.
"म्हंजे झरा लागला की जिल्हा गरीब व्हायलाय,"
बाजारभाव सांगावा तसं सांगून
त्यांनी ओंजळीनं पाणी पिऊन दाखवलं.
मीही प्यालो. दगडाची चव होती.
रेणापूर नाक्यावर घेतलेली वीस रुपयांची बाटली
पिशवीत तशीच.
तीही डावीकडेच.

परत येऊन तक्ता भरला.
शेवटी 'शेरा' नावाचा एक अरुंद रकाना असतो,
त्यात सहसा कुणी काही लिहीत नाही.
मी लिहिलं : गवत मांडीपर्यंत.

फाईल आज परत आली.
लाल शाईत एकच शब्द : एकक?

रुख्माजी तसे उंच आहेत, माझ्यापेक्षा वीतभर तरी,
एवढंच मला सांगता येईल.