जुन्या बाजारातलं अंडं

चाळीस रुपयांना मिळालं, बुधवारी,
घड्याळवाल्याच्या पालावर, तुटक्या पट्ट्यांच्या ढिगात.
आत कुणीतरी होतं. सेल घातल्यावर हललं.
बटणं तीन. त्यातलं मधलं अडकतं,
मधलं म्हणजे घाण साफ करायचं.

म्हणजे भरवता येतं, खेळवता येतं,
बाकीचं साचत जातं
त्या नखाएवढ्या काचेत, ठिपक्याठिपक्यांनी.

पीएमटीत एकतीस वर्षं मी दोरी ओढली.
एक टण, गाडी थांबली. दोन टण, निघाली.
आता हे पीं पीं करतं
आणि मी थांबतो: स्वारगेटच्या पुलाखाली,
पेन्शनच्या रांगेत,
मोरीत, अंगाला साबण लावलेला.
"कुणाचा फोन?" कुमुद विचारते.
काय सांगू? जेवायला मागतंय म्हणू?

काल तिसऱ्यांदा मेलं, कात्रजच्या सिग्नलला.
पाठीच्या भोकात टाचणी खुपसली की पुन्हा अंडं.
ओळख नाही, राग नाही,
माझ्या हातून गेलं याची कुठे नोंद नाही.
हे मला पटत नाही.
डेपोत आठ आणे कमी भरले तरी
लिहून घ्यायचे.

रात्री पावणेतीनला वाजलं.
उशीखाली हात घातला. नव्हतं.
कुमुद उठून बसलेली, चष्मा लावून,
आकड्याचं टोक मधल्या बटणात घालून
कोरत होती, कान कोरावा तसं.

"निघाली एकदाची घाण," म्हणाली.
"झोपा तुम्ही."

मग थोड्या वेळानं, अंधारात:
"अहो, हे हसतंय का, बघा जरा."