दातखीळ

हेल्दुर आधी काहीच उघडत नाही.
पेटीला कान लावतो, डोळे मिटून.
पंखा फिरतो, दिवा लागतो,
तबकडीची शीळ चढत जाते
आणि दोनदा टक् करून उतरते.
"दातखीळ बसलीय," तो म्हणतो,
आणि तळघरातल्या हीटरवर ड्राइव्ह ठेवतो,
ओला हातमोजा वाळत घालावा तसा.

बाहेर तार्तूत उणे एकोणीस.
आउने स्टुलावर, कोट न काढता.
अकरा वर्षं दलदलीत काठ्या रोवून
तिने पाण्याची पातळी मोजली
आणि सगळी या एकाच ड्राइव्हवर ठेवली.
तेव्हा दुसरा परवडत नव्हता.

अर्ध्या तासाने तो कोमट ड्राइव्ह मुठीत धरतो,
मनगटाला एक हिसका.
काही नाही.
पुन्हा. काही नाही.
मग झाकण. सहा स्क्रू बशीत.
आत रबराचा ठोकळा, शेंगदाण्याएवढा,
तीस वर्षांत त्याची काकवी झालेली,
आणि वाचणारा हात तिच्यात रुतून बसलेला.
तो हात सोडवतो, मध्ये कपटा सरकवतो
बसच्या तिकिटाचा,
श्वास रोखून, धूळ नको म्हणून.

शीळ चढते. या वेळी उतरत नाही.
पडद्यावर आकडे: एप्रिल, मे, जून,
सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात खर्र खर्र,
मग नुसती खर्र खर्र.
"चौतीस," आउने म्हणते, आकडा उमटण्याआधी.
"त्या दिवशी माझा एक बूट आतच राहिला."

पडद्यावर येतात एकतीस.

ती बघत राहते.
"बरं झालं विचारलं," म्हणते,
आणि कोट काढते.