दोन दाती

नेमणुकीच्या आदेशात सातवं कलम होतं:
शिष्यवृत्तीधारकास बंधपत्राची पाच वर्षे
श्रेणीतील किमान वेतन देय राहील.
किमान या शब्दावर मी बोट ठेवून पाहिलं.
उरलेलं वाक्य चांगलं दिसत होतं.

घाटंजीच्या पुढे, जिथून एसटी वळून परत जाते,
तिथे दवाखाना. दोन खोल्या, अंगणात लाकडी खोडा,
नायट्रोजनचं कॅन, वटवाघळं,
आणि व्रणोपचारक देवराव मेश्राम, पदाच्या नावापेक्षा हलका माणूस.
तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं,
"राग नोका धरू मॅडम, पह्यला पगार किती?"
सांगितला.
"अन् तुमच्या आंधीच्या सायबाले किती होता?"
तोही सांगितला.
तो सुया उकळत राहिला. मग म्हणाला,
"म्हैस तं तेच हाय.
हात तिच्यात खांद्यावरीच घालाव लागते."

जामीनदार दोन होते.
शाळेत शिपाई असलेला मामा,
आणि पांढरकवड्याच्या आमच्या गल्लीतले शिंपी रहीमभाई,
ज्यांनी सही करण्याआधी चष्मा पुसला, पुन्हा पुसला,
आणि बाबांना हळूच विचारलं होतं,
"पोरगी विकल्यावानी तं नाही न हे?"
बाबा जिनिंगच्या काट्यावर आयुष्यभर वजनं लिहिणारे.
म्हणाले, "नाही. शिकवल्याचं वजन हाय."

पास झाल्यापासून रुजू होईपर्यंत अकरा महिने गेले.
ते पाच वर्षांत धरत नाहीत,
जिल्ह्याच्या बाबूनं फाइलवरून मान न उचलता सांगितलं,
रुजू दिनांकापासून मोजायचं.
म्हणजे ते अकरा महिने
ना सरकारच्या बाजूला लिहिलेत, ना माझ्या.
आई त्या दिवसांत शेजारणींना सांगायची,
"ऑर्डर निघाली हाय, रस्त्यात हाय."

गुरुवारी बैलबाजार.
मी टेबल टाकून आरोग्याचे दाखले लिहिते,
समोर दुपट्ट्याखाली दोन हात एकमेकांची बोटं दाबतात.
किंमत कोणी बोलत नाही.
माझी मात्र शासन निर्णयात छापलेली,
संकेतांकासह, कोणीही वाचावी अशी.
मूळ वेतन, महागाई, खेड्याच्या दरानं घरभाडं,
वजा दोनशे व्यवसाय कर.
कधी वाटतं, माझ्यासाठीही कोणी
एकदा तरी बोट दाबून पाहायला हवं होतं.

पाहिलंही एकानं. अमरावतीच्या कोंबडी कंपनीचा,
पांढरी गाडी, थंड पाण्याची बाटली.
दुप्पट पगार. बॉण्डचे पैसे कंपनी भरेल.
"फक्त तीन वर्षं सोडून जायचं नाही,
एवढी एक सही."
मी इतकी हसले की देवराव आतून बाहेर आला.
गाडी गेल्यावर मात्र
आदेशाच्या पाठीवर हिशेब केला, दोनदा केला,
आणि कागद तसाच कपाटात ठेवला. फाडला नाही.

रुजू झाले त्याच रात्री कौसल्याबाई किनाके कंदील घेऊन आल्या होत्या.
वासरू उलटं. मागचे पाय आधी.
पुस्तकात होतं तसं काहीच नव्हतं,
दोर होता, आणि देवरावचा आवाज, "कळ येऊ द्या, मंग ओढा."
पहाटे लाल खोंड उभा राहिला, पडला, उभा राहिला.
माझ्या पगाराचा तो पहिला दिवस.

काल त्या त्याला घेऊन आल्या.
मी ओठ उचलून पाहिलं.
मधले दोन पक्के, रुंद, पिवळट. बाकीचे दुधाचे.
पुढे चार दाती होईल, सहा दाती,
आणि तोंड जुळेल तेव्हा माझंही कलम सात संपलेलं असेल,
महिना इकडे, महिना तिकडे.
"दात मोजता अन् सोताशीच हसता, कावून व?"
मी विचारलं, बाजारात नेताय का?
"नाही बाप्पा, याले कोन विकते.
पन मालूम असाव, किती झाला तं."

नोंदवहीत लिहिलं: खोंड, लाल, दोन दाती, प्रकृती उत्तम.
पावती फाडली.
त्यांनी पदराच्या गाठीतून सुटे पैसे काढले,
मोजून दिले, आणि पावती
घडी घालून त्याच गाठीत बांधली.